लाळ-खुरकत, माझी डुकरं आणि आबांच्या म्हशी: लस देऊनही असं का झालं?

शिवारवाट (हातकणंगले) • सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. हा धागा काढायला आठवडा लावला. लिहायला बसलो की पोटात कालवायचं.

माझं सहा गुंठ्यांत वराहपालन आहे. दोन नर, अकरा माद्या, लहान-मोठी साठेक पिल्लं. आजोबांच्या काळात आमची डुकरं गावभर मोकाट फिरायची आणि घरादारानं त्यावरनं बोलणी खाल्ली. म्हणून मी चार वर्षांपूर्वी चारी बाजूंनी भिंत घातली, खाली कोबा केला, पाण्याची टाकी बांधली. तेव्हापासून एकही डुक्कर बाहेर गेलेलं नाही.

दिवाळीनंतर ऊसतोड टोळ्या आल्या. आमच्या बाजूला गाडीबैलांचा तळ पडला. काही दिवसांत त्यातल्या एका बैलाची लाळ गळताना मी स्वतः बघितली. पुढच्या आठवड्यात माझ्या एका मादीनं उठायचं सोडलं. ताप, मुस्कटावर पांढरे फोड, खुराच्या वरच्या कडेलाही फोड. दोन दिवसांत बारा जनावरं लंगडायला लागली. एकीचा खूर तर मोजा निघावा तसा सुटून आला. दूध पिणारी नऊ पिल्लं गेली, आणि त्यांच्या अंगावर एकही फोड नव्हता. पिता पिता आडवी होत होती.

बांधाला बांध लागून आबांचा गोठा आहे. पाच म्हशी. माझ्याकडं आजार दिसल्यावर सहाव्या दिवशी त्यांच्या दोन म्हशी लाळ गाळायला लागल्या. सकाळचं सात लिटर दूध दीड लिटरवर आलं. आबा मला लहानपणापासून खांद्यावर घेऊन फिरलेले. आता बांधावर समोर आले तरी मान वळवतात.

माझ्या मनाला खाणारी गोष्ट अशी की मी लस दिली होती. आजार दिसायच्या नऊ दिवस आधी. गावातल्या गाई-म्हशींना लस झाली तेव्हा माझ्या डुकरांना कुणी विचारलं नाही, मग मीच पैसे घालून बाटली आणली आणि एका माहितगाराकडून टोचून घेतली. मग ती अंगी लागली का नाही? डुकराच्या शरीरात लशीचं काय होतं? आणि आबांच्या म्हशींना माझ्याच डुकरांनी दिलं का? जे असेल ते स्पष्ट सांगा. मला ऐकायचं आहे.

---

कागलकर • सोमवार, रात्री १०.१५

भावा, वाईट वाटून घेऊ नकोस पण बोलतो. माझ्या गोठ्यात अकरा म्हशी हायत, दुधावर घर चालतंय. डुक्कर म्हणजे ह्या आजाराचं घर, हे आमचा बा सांगायचा. एकदा आलं की त्याच्या अंगात कायमचं ऱ्हातंय. तू कितीबी भिंत घाल, वारं अडणार हाय का? लोकवस्तीपासनं लांब हलव, एवढंच माझं म्हणणं.

---

निवृत्त_पशुवैद्य (शिरोळ) • मंगळवार, सकाळी ६.५०

शिवारवाट, तुम्ही लपवलं नाहीत हे फार बरं केलंत. खुरकतीत सगळ्यात जास्त नुकसान लपवण्यानं होतं. आधी कागलकरांचं घेतो, कारण त्यांच्या बोलण्यात अर्धं खरं आहे आणि ते अर्धं फार महत्त्वाचं आहे.

खरं ते असं. आजारी डुक्कर श्वासातून जेवढा विषाणू बाहेर टाकतं तेवढा दुसरं कुठलंही पाळीव जनावर टाकत नाही. गाईच्या कित्येकशे पट, काही मोजण्यांत हजारो पट. १९८१ च्या मार्चमध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी भागातल्या आजारी डुकरांचा विषाणू वाऱ्यावरून समुद्र ओलांडून इंग्लंडच्या वाइट बेटावरच्या गुरांपर्यंत पोचला. अडीचशे किलोमीटरच्या आसपासचं अंतर. थंड, दमट हवेत तो जास्त टिकतो. आपल्याकडं पंचगंगेकाठच्या हिवाळी पहाटेला धुकं कसं साचतं ते तुम्हाला ठाऊक आहे. आणि म्हैस-गाय या बाबतीत नाजूक. श्वासातून अगदी थोडा विषाणू गेला तरी त्यांना लागण होते. डुकराचं उलटं आहे. त्याला श्वासातून सहजी लागत नाही, बहुतेक वेळा तोंडातून जातो, खाण्यातून किंवा आजारी जनावराशी थेट संपर्क आल्यानं.

म्हणजे तुमच्या डुकरांकडून आबांच्या म्हशींना जाणं शक्य आहे. पण तळावरचा बैल तुम्हीच पाहिलात. त्या बैलांनी चघळलेले वाडे, त्यांचं पाणी, गाडीवानांच्या चपला, यांतून तुमच्याकडंही आणि आबांकडंही आलेलं असू शकतं. फोड किती दिवसांचे आहेत हे त्याच वेळी पाहून नोंदवलं असतं तर क्रम लावता आला असता. आता छातीठोक सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल.

आता जे खरं नाही ते. 'कायमचं ऱ्हातंय' हे डुकराला लागू नाही. बरं झालेलं डुक्कर तीन-चार आठवड्यांत विषाणू पूर्णपणे झटकून टाकतं. उलट गाय, म्हैस बरी झाल्यावरही तिच्या घशात तो महिनोन्‌महिने राहू शकतो, गाईत तर तीन वर्षांपर्यंत सापडला आहे. अशा बऱ्या झालेल्या गुरांकडून दुसऱ्याला लागण होणं फार क्वचित, त्यामुळं घाबरून जाऊ नका. पण 'घर' कुणाचं म्हणायचं, तर डुकराचं नव्हे.

लशीबद्दल दुपारी सविस्तर लिहितो. तोवर मला सांगा: दुसरा डोस द्यायचा ठरला होता का? सुई केवढी होती, कुठं टोचली? बाटली दुधासारखी एकजीव पांढरी होती का? आणि आणली कशातून?

---

शिवारवाट • मंगळवार, दुपारी १२.२०

डॉक्टर, एकच डोस. दुसऱ्याचं कुणी बोललं नाही आणि मी विचारलंही नाही. सुई लहान होती, मांडीत टोचली. बाटली पांढरी होती, पण खाली थोडं पाणी सुटल्यासारखं दिसलं. आणि ती मीच कोल्हापुरातनं मोटारसायकलच्या डिकीतून आणली, भर दुपारी. बर्फाचा डबा मागायचं सुचलं नाही. चूक माझी आहे.

---

निवृत्त_पशुवैद्य • मंगळवार, दुपारी ३.०५

मग उत्तर जवळजवळ सापडलंच.

आपल्याकडची खुरकतीची लस मेलेल्या विषाणूची असते. भारतात फिरणारे तिन्ही प्रकार, ओ, ए आणि एशिया-१, त्यात असतात. मेलेला विषाणू शरीरात वाढत नाही, त्यामुळं शरीराला त्याची ओळख पटायला वेळ लागतो. पहिल्या आठवड्यात जी प्रतिपिंडं (विषाणूला धरून निकामी करणारी रक्तातली प्रथिनं) येतात ती आयजीएम जातीची, घाईघाईनं उभी केलेली. घट्ट पकडणारी आयजीजी त्यानंतर वाढत जाते. डुकरात तर पहिल्या डोसची पातळी गाईपेक्षा लवकर उतरते. महिन्याभरानं दुसरा डोस दिला की शरीर जुनी ओळख काढतं आणि पातळी एकदम वर जाते. पुढं दर चार ते सहा महिन्यांनी पुन्हा. नवव्या दिवशी एका डोसवर, शेजारी विषाणूचा डोंब उसळलेला असताना, चांगली लसही कमी पडली असती.

तुमची लस तर वाटेतच अर्धी गेली. ती २ ते ८ अंशांत राहायला हवी. गोठली तरी वाया, तापली तरी वाया. डुकरासाठी तेलातली लस लागते. अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडवरची गाईंना चालते, डुकरांत फार कमी लागू पडते. तेल आणि पाणी वेगळं झालं की ती बाटली वापरू नये. आणि मोठ्या मादीच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो. लहान सुईनं औषध त्या चरबीतच पडून राहतं. चरबीत रक्त कमी, रोग ओळखणाऱ्या पेशी कमी. कानामागं मानेच्या स्नायूत, दीड इंची सुईनं, सरळ आत. प्रत्येक जनावराला नवी सुई, नाहीतर आपणच एकाचं दुसऱ्याला देतो.

---

आजऱ्याची_लेक • मंगळवार, रात्री ८.३०

मी पशुवैद्यकाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात आहे, रोगप्रतिकारशास्त्र माझा विषय. डॉक्टरांनी उन्हाचं सांगितलं त्यामागचं कारण सांगते.

खुरकतीचा विषाणू म्हणजे प्रथिनांचा एक गोल पेटारा. अख्ख्या कणाला आम्ही १४६-एस म्हणतो. उष्णतेनं किंवा आम्लानं तो फुटतो आणि त्याचे १२-एस नावाचे तुकडे होतात. ओ प्रकार यात सगळ्यात ठिसूळ, आणि आपल्याकडं आजार जास्त तोच करतो. असे तुकडे टोचणं म्हणजे खापरं दाखवून मडकं ओळखायला सांगण्यासारखं. शरीर प्रतिपिंडं बनवतं, पण खरा विषाणू समोर आला की ती त्याला नीट धरत नाहीत.

दुसरं, आजार इतका झपाट्यानं का पसरला. एखाद्या पेशीत विषाणू शिरला की ती पेशी इंटरफेरॉन नावाचं प्रथिन सोडते. ही एक दवंडी असते, शेजारच्या पेशींना 'दारं लावा' म्हणून. खुरकतीचा विषाणू इंटरफेरॉनला फार बिचकतो. अमेरिकेत प्लम बेटावरच्या प्रयोगशाळेत डुकराचंच इंटरफेरॉन बनवणारा जनुक निरुपद्रवी केलेल्या एका विषाणूवर चढवून डुकरांना टोचला, तेव्हा एका दिवसात त्यांना खुरकतीपासून राखण मिळाली. लशीला जे करायला दिवस लागतात ते एका रात्रीत.

पण हा विषाणूही तयारीनं येतो. आत शिरल्यावर तो जी पहिली प्रथिनं बनवतो त्यात एल नावाचं कात्रीसारखं प्रथिन असतं. पेशीची स्वतःची प्रथिनं बनवायची यंत्रणा ते तोडून टाकतं. दवंडी पिटणाराच उरत नाही. शिवाय पहिल्या काही दिवसांत डुकराच्या रक्तातल्या लिम्फोसाइट, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची संख्या एकदम खाली येते. नेमक्या त्याच दिवसांत श्वासातून विषाणू सगळ्यात जास्त बाहेर पडत असतो, कधी फोड दिसायच्याही आधी. मग चौथ्या-पाचव्या दिवसापासून प्रतिपिंडं चढतात आणि रक्तातला विषाणू साफ व्हायला लागतो. म्हणजे डुकराचं शरीर हरत नाही, ते उशिरा जिंकतं. लशीचं सगळं काम हा उशीर भरून काढायचं आहे. नीट लस झालेलं डुक्कर वाचतं हा एक फायदा. लागण झालीच तरी ते हवेत फार कमी विषाणू सोडतं, हा शेजारच्या गोठ्याचा फायदा.

दादा, तुमच्या नऊ पिल्लांबद्दल वाचून वाईट वाटलं. इतक्या लहान पिल्लांत फोड यायच्या आधीच विषाणू हृदयाच्या स्नायूत पोचतो. शवविच्छेदनात हृदयावर पिवळसर पट्टे दिसतात, पुस्तकात त्याला 'वाघाचं हृदय' म्हणतात. तुम्ही काही केलं नाहीत म्हणून गेली असं नाही. एकदा सुरू झाल्यावर तिथं उपाय चालत नाही.

---

गंगावेशीतला • मंगळवार, रात्री ९.१०

आमच्या घरात कट्ट्यावरचं धारोष्ण दूध प्यायची तीन पिढ्यांची सवय. हे वाचून आई घाबरली. माणसाला होतं का? आणि लहान मुलांना हात-पाय-तोंडावर फोड येतात तो हाच आजार का?

---

निवृत्त_पशुवैद्य • मंगळवार, रात्री ९.३५

नाही. मुलांचा तो आजार वेगळ्या विषाणूंचा, नावं सारखी एवढंच. खुरकत माणसाला होत नाही म्हटलं तरी चालेल. पण आजारी म्हशीचं दूध धारोष्ण पिऊ नये, आणि एरवीही उकळून घ्यावं, त्याला इतर कारणं पुरेशी आहेत. आईंना सांगा, काळजी करू नका.

---

रंकाळा_चौपाटी • बुधवार, सकाळी ११.००

माझी खानावळ आहे. रोजचं खरकटं एक वराहपालक पिंपात भरून नेतात. त्यात मटणाची हाडं असतात, तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची. त्यातून काही जाऊ शकतं का? रस्सा तर तासभर रटरटलेला असतो.

---

आजऱ्याची_लेक • बुधवार, दुपारी १.४५

शिजलेल्या हाडांची काळजी नाही. काळजी आहे ती कच्च्याची: धुताना काढलेली चरबी, गाठी, कापताना उरलेली हाडं त्याच पिंपात पडतात का ते बघा. जनावर कापल्यावर स्नायू आंबट होतो आणि त्या आम्लानं मांसातला विषाणू मरतो. पण हाडांतली मज्जा आणि लिम्फच्या गाठी आंबट होत नाहीत, तिथं तो तग धरतो. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये जी साथ आली तिची सुरुवात एका वराहगृहात न उकळलेलं खरकटं घातल्यानं झाली असं चौकशीत ठरलं. साठ लाखांवर जनावरं मारावी लागली.

सगळं पिंप ९० अंशांवर तासभर, ढवळत राहून उकळायचं. वरवर वाफ आली की उतरवलं, असं नको. आणि उकळलेलं परत त्याच न धुतलेल्या पिंपात ओतू नये, हे लोक हमखास विसरतात.

---

कागलकर • बुधवार, रात्री ९.५०

डॉक्टर, ताई, दोघांचं दोनदा वाचलं. बायकोला वाचून दावलं. बरं झालेलं डुक्कर आजार धरून बसत न्हाई आणि म्हशीच्या घशात ऱ्हातंय, हे मला पन्नाशीत कळालं. मी हलव म्हटलं ते मागं घेतो. पण एक विचारतो. माझ्या म्हशींना वर्षात दोनदा लस हुती. मग शेजारच्या डुकरानं कितीबी सोडलं तरी मला काय?

---

निवृत्त_पशुवैद्य • गुरुवार, सकाळी ७.१०

चांगला प्रश्न. लशीची राखण म्हणजे दगडी भिंत नव्हे, बांध आहे. पाणी बेताचं असेल तर बांध थोपवतो, महापूर आला की वरून वाहतो. २०१९ ला आपण पाहिलंच. तुमच्या म्हशीच्या अंगात प्रतिपिंडं आहेत, पण बिनलशीची साठ डुकरं शेजारी एकदम आजारी पडली तर श्वासागणिक इतका विषाणू येतो की त्यातली एखादी, पहिलारू किंवा नुकती व्यालेली, तरीही पडते. म्हणून डुकरांची लस ही तुमच्या म्हशींचीच लस आहे. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात गाय-म्हैस, शेळी-मेंढी यांच्या जोडीला वराह हा शब्द लिहिलेला आहे. गावात लसीकरण आलं की दूध संस्थेच्या माणसांनीच म्हणायला हवं, 'त्या वराहगृहातही चला.' वराहपालकाला स्वतःहून पुढं यायला संकोच वाटतो. त्याच्या घराण्यानं काय ऐकलंय ते शिवारवाटांनी सुरुवातीलाच लिहिलंय.

---

पन्हाळ्याचा_वारा • गुरुवार, सकाळी ९.२५

आमच्याकडं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय की हा आफ्रिकन स्वाइन फिव्हर आहे, डुकरं जाळून टाका.

---

आजऱ्याची_लेक • गुरुवार, सकाळी १०.००

कृपया ते पुढं पाठवू नका. आफ्रिकन स्वाइन फिव्हर गाई-म्हशींना होतच नाही, आणि इथं म्हशी आजारी आहेत. त्यात खुरांवर फोड येत नाहीत. कान, पोट निळं-लाल पडतं आणि मोठी डुकरंसुद्धा भराभर मरतात. भारतात तो २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात पहिल्यांदा सापडला. तिथं अडचण प्रतिकारशक्तीचीच आहे: तो विषाणू मॅक्रोफेज म्हणजे रोगजंतू गिळणाऱ्या पेशींतच वाढतो आणि प्रतिपिंडं त्याला पुरतं निकामी करू शकत नाहीत. खुरकतीत प्रतिपिंडं काम करतात. आपल्याला लस आहे हे आपलं नशीब.

---

शिवारवाट • गुरुवार, रात्री १०.३०

सगळ्यांचे आभार. ताई, दोन शंका. बरी झालेली जनावरं आता सुरक्षित धरायची का? आणि या महिन्यात चार माद्या विणार आहेत, त्यांच्या पिल्लांना लस कधी?

---

आजऱ्याची_लेक • शुक्रवार, सकाळी ६.३०

बऱ्या झालेल्यांना त्या प्रकारापासून काही महिने चांगली राखण राहते. गाईत ती बरीच लांबते, डुकरात कमी, आणि दुसऱ्या प्रकाराला ती उपयोगी नाही. त्यामुळं पूर्ण बरी झाली की त्यांनाही यादीत धरा. कुणाला खरी लागण झाली आणि कुणाला नुसती लस, हे रक्तातून कळतं. विषाणू अंगात वाढतानाच तयार होणारी काही प्रथिनं असतात, शुद्ध केलेल्या लशीत ती नसतात, म्हणून त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडं दिसली तर खरी लागण समजायची. रक्ताचे नमुने तालुक्याच्या दवाखान्यामार्फत पाठवता येतील.

विणाऱ्या माद्यांचं जास्त जिव्हाळ्यानं सांगते. डुकरीच्या वारेतून पोटातल्या पिल्लाला प्रतिपिंडं जात नाहीत. माणसाच्या बाळाला जातात, डुकराच्या नाही. पिल्लू जन्मतं ते पूर्ण उघडं. त्याला सगळं काही चिकातून मिळतं, आणि तेही पहिल्या दिवसभरातच, कारण नंतर आतडं ती प्रतिपिंडं आत घेत नाही. म्हणून रात्री जागा. पहिल्या सहा तासांत प्रत्येक पिल्लू, विशेषतः शेवटचं आणि किरकोळ, सडाला लावा. धट्टी पिल्लं पुढचे सड धरून बसतात आणि अशक्त मागं पडतं. आजारातून उठलेल्या तुमच्या माद्यांच्या चिकात आत्ता भरपूर राखण असेल. नऊ पिल्लं गेली, पण या खेपेच्या पिल्लांना त्यांच्या आया काहीतरी देणार आहेत.

ही आईची उसनी राखण रक्तात असताना लस दिली तर ती लशीलाच गिळून टाकते. म्हणून घाई नको. दोन-अडीच महिन्यांची झाली की पहिला डोस, महिन्यानं दुसरा.

---

निवृत्त_पशुवैद्य • शुक्रवार, सकाळी ८.००

कोबा चार टक्के धुण्याच्या सोड्यानं धुवा: दहा लिटर पाण्याला चारशे ग्रॅम. शेण-माती आधी खरवडून काढा, नाहीतर सोडा घाणीलाच लागतो. दारात त्याच पाण्याचं पोतं ठेवा, आत येणाऱ्याचे पाय त्यावर. आबांच्या गोठ्यालाही तेच करा, तुम्हीच.

---

शिवारवाट • रविवार, रात्री ८.१५

काल दोन बादल्या सोड्याचं पाणी घेऊन आबांकडं गेलो. आधी बोलले नाहीत. मी मुकाट्यानं गव्हाणीपासून धुवायला लागलो. अर्ध्या तासानं त्यांनी झाडू आणून दिला. त्यांच्या म्हशी आता वाडे खायला लागल्यात, दूध चार लिटरवर आलंय. डॉक्टर म्हणाले त्याप्रमाणं सांगितलं की माझ्याकडून आलं असेल, नसेलही, पण पुढच्या वेळी माझ्याकडून येऊ नये म्हणून दोन्ही डोस देणार आहे. आबा म्हणाले, "मग माझ्याबी म्हशींची तारीख तीच धर."

काल रात्री पहिली मादी व्याली. अकरा पिल्लं. पहाटे चारपर्यंत बसलो, शेवटचं पिल्लू सडाला लागेपर्यंत.

लशीचा बर्फाचा डबा मिळाला, दीड इंची सुया मिळाल्या. फक्त मोठ्या माद्यांना धरायला दोरी कुठं लावायची, वरच्या जबड्याला का मानेला?

---

कागलकर • रविवार, रात्री ८.४०

वरच्या जबड्याला, सुळ्यांच्या मागं. मानेला लावू नको, फास बसंल. तारीख कळव, मी येतो धरायला.